याला पडता येतं! (नाशिक, चैत्र आणि दोन जातीच्या कुस्त्या)

मामांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, आणि मामा फोनवर कधीच हॅलो वगैरे करत नाहीत, डायरेक्ट म्हणाले, "यात्रा आहे पुढच्या रविवारी, संध्याकाळी कुस्त्यांचं मैदान आहे, येतोस का, की तुझी ती नाटकंच बघत बसतोस?" नाटकं म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई, टीव्हीवरची अमेरिकन प्रो रेसलिंग. हे भांडण आमच्यात तीस वर्षं चालू आहे.

म्हणजे झालं असं की नव्वदच्या दशकात मे महिन्याची सुट्टी मामांकडे पंचवटीत. खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफची (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) पत्त्यांसारखी कार्डं, हाईट वेट चेस्ट बायसेप्स, ज्याच्याकडे एक नंबर रँकचं कार्ड तो गल्लीतला राजा. आणि मामा स्वतः तरुणपणी तालमीत गेलेले, कान मोडलेला (तालमीत घासून घासून पैलवानांचा मोडतोच), सकाळी पाचशे बैठका मारून आलेला माणूस. तो आमची ती कार्डं बघून नुसता हसायचा. "खोटं आहे रे सगळं." ते खोटं आहे हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं, खरंच सांगतो. पण बघणं काही सुटलं नाही, आज चाळिशीला टेकलो तरी नाही. तर मग खोटं असून त्यात आपण नक्की बघतो काय, आणि एखादी मॅच वीस वर्षांनी पण अंगावर काटा आणते आणि बाकीच्या पन्नास दुसऱ्या दिवशी आठवत पण नाहीत, असं का? हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी निघालो.

कल्याणहून सकाळची तपोवन. खिडकी मिळाली नाही. कसारा घाट बघायला दारात जाऊन उभा राहिलो, उन्हाळ्यात घाट तसा बोडकाच असतो पण बोगदे आले की पोरं अजूनही ओरडतात, मला ते फार आवडतं. नाशिकरोडला उतरून सिटीलिंक बस पकडली. कुंभमेळ्याची कामं चालू आहेत त्यामुळे शहरभर रस्ते उकरलेले, पाऊण तासाच्या रस्त्याला दीड तास गेला, असो. उतरून आधी मिसळ हाणली, काळ्या मसाल्याची, बरोबर पापड आणि दही, आणि मग रामकुंडावर एक चक्कर. दुतोंड्या मारुतीला नमस्कार केला. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, गोदावरीला पूर आला की पाणी किती चढलं हे इथले लोक मीटरमध्ये विचारत नाहीत, मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला लागलं असं विचारतात. पैलवानांचा देव आणि त्याला दोन बाजूंना दोन तोंडं. हे का सांगतोय ते पुढे येईल.

दुपारी मामा, मी आणि मामेबहिणीचा मुलगा (वय १४, हा जपानमधल्या रेसलिंगच्या मॅचेस बघतो, आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे) असे तिघं दिंडोरी तालुक्यातल्या त्या गावी गेलो. द्राक्षाच्या बागा बहुतेक उतरलेल्या, त्यामुळे गावात लोकांना वेळ होता. शेतात मोकळ्या जागी माती खणून मऊ केलेली, भोवती गर्दी गोल करून खाली बसलेली, मागचे उभे, त्यांच्या मागचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. आम्हाला जागा मिळाली ती नेमकी कर्ण्यासमोर. माझा डावा कान सोमवारपर्यंत वाजत होता.

मैदान सुरू होतं ते लहान पोरांच्या कुस्त्यांनी, पन्नास रुपये, शंभर रुपये, काहींना नुसता नारळ. आणि इथे मी पहिल्यांदा नीट बघितलं की जोड कशी लावतात. पोरगं लंगोट लावून आखाड्यात फिरतं, हात वर करून, म्हणजे आहे का कोणी. मग समोरून दुसरं येतं. एक म्हातारे वस्ताद होते, फेटा, पांढऱ्या मिशा, ते दोघांना मनगटाला धरून शेजारी उभं करायचे, खांद्याला खांदा लावून बघायचे, मान चाचपायचे, आणि सगळ्यात शेवटी कान बघायचे. एका पोराचा कान जरासा सुजलेला दिसला तर त्याला बाजूला काढला, "तू तालमीतला आहे, तुला हा नाही." दुसरा त्याच्याहून जाड होता तरी. वजनकाटा वगैरे काही नाही, पाच सेकंदात निर्णय, आणि त्या जोड्यांतल्या निम्म्याहून जास्त कुस्त्या रंगल्या. मी मामांना म्हटलं आमच्याकडे ह्याला बुकिंग म्हणतात, कोणाला कोणाशी लढवायचं हे ठरवणारा माणूस वेगळा असतो आणि तो चुकला की रिंगमधले दोघं कितीही भारी असले तरी काही होत नाही. मामा म्हणाले, "मग? तोडीस तोड नको का?"

पण तोडीस तोड असून पण पचका होतो हे लगेच दिसलं. मोठ्या इनामाची एक कुस्ती लागली, दोन्ही गडी जबरदस्त, शड्डू ठोकले तेव्हा लोक उठून उभे राहिले. आणि मग खडाखडी. नुसती खडाखडी. मानेवर हात, डोक्याला डोकं, ढकलाढकली, पंधरा मिनिटं एकानेही पट काढायचा (पाय धरून खाली घ्यायचा) विचार केला नाही. हलगीवाला वाजवून वाजवून दमला, मागून पोरं ओरडायला लागली "लावा रे डाव, उद्या सकाळी ड्युटी आहे!" शेवटी बरोबरीत सोडवली. खरी कुस्ती, शंभर टक्के खरी, आणि कंटाळवाणी.

मला तिथे गामा पैलवान आठवला. १९१० साली लंडनमध्ये गामा विरुद्ध पोलंडचा झ्बिश्को, त्या काळातले दोन मोठे पैलवान, आणि झ्बिश्को बराचसा वेळ पोटावर पडून राहिला, अडीच तासाच्या वर, निकाल नाही. १९२८ ला पटियालाला परत भिडले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत चीत केला. म्हणजे एक कुस्ती संपता संपेना आणि दुसरीत लोक बूड टेकतायत तोवर खेळ खल्लास. अमेरिकेत नेमकी हीच अडचण होती, तिथले लोक तासन्‌तास जमिनीवर अडकून पडलेल्या पैलवानांना कंटाळले, तेव्हा १९२० च्या दशकात एड लुईस हा पैलवान, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट असे तिघं एकत्र आले, त्यांनी वेळेची मर्यादा घातली, उचलून आपटणं, ठोसे, असं दिसायला जोरदार काय काय मिसळलं आणि निकाल आधी ठरवायची पद्धत पक्की केली. म्हणजे हे खोटं कोणाला फसवायला एवढंच नव्हतं (तेही होतंच म्हणा, तिकीट विकायचं होतं), चांगली कुस्ती रोज रात्री नशिबावर सोडता येत नाही म्हणून ती हाताने घडवायची. आपल्याकडे नूरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून केलेली, ही शिवी. तिकडे तोच धंदा झाला. आणि १९८९ ला तर डब्ल्यूडब्ल्यूएफवाल्यांनी न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःहूनच सांगितलं की बाबांनो हे मनोरंजन आहे, खेळ नाही, खेळाचे नियम आणि टॅक्स आम्हाला लावू नका. मामांना हे सांगितल्यावर ते इतके खूष झाले की त्यांनी मला उसाचा रस पाजला.

मग लागली ती कुस्ती. इनाम फार नव्हतं. गावातलंच एक काटकुळं पोरगं, अठरा-एकोणीसचं, आणि समोर बाहेरच्या जिल्ह्यातला बुटका, दणकट, मान अशी नाहीच, डोकं डायरेक्ट खांद्यावर ठेवलेलं. दुसऱ्याच मिनिटाला त्याने आपल्या पोराला खाली घेतला, कब्जा, सवारी भरली आणि वळवायला लागला. पोरगं मानेवर उभं. पाठ आणि माती यात चार बोटांचं अंतर, नंतर तीन, पंच पोटावर पालथा पडून गाल मातीला लावून त्या फटीतून पलीकडे बघतोय उजेड दिसतो का, आणि हलगी थांबली. कोणी थांबवली नाही, आपोआप थांबली. माझ्या शेजारी एक आजी होत्या त्यांनी पदर तोंडात घातला होता. आणि मग काय झालं मला खरंच नीट कळलं नाही, पोरगं माशासारखं सटकलं, वरचा त्याच्या डोक्यावरून पुढे गेला, मामा ओरडले "घिस्सा!", आणि तो बुटका आभाळाकडे बघत पडलेला. लोक आखाड्यात घुसले. पोराला खांद्यावर घेऊन दहा-वीसच्या नोटा द्यायला रांग, मी पण पन्नास दिले.

येताना गाडीत मी हेच सांगत होतो की ती जी तीन बोटांची फट आहे ना, प्रो रेसलिंग म्हणजे ती फट तयार करायची कला. खांदे जमिनीला टेकले की रेफ्री एक म्हणतो, दोन म्हणतो, आणि तिसरा हात पडायच्या आत खांदा उचलायचा. लवकर उचलला तर कोणी श्वास रोखत नाही, उशिरा उचलला तर मॅच संपली. आणि हे मॅचमध्ये दहा वेळा केलं की त्याची किंमत जाते, आजकाल नेमकं तेच करतात. इथे भाचा भडकला, कारण त्याचा देव म्हणजे २०१७ ची टोकियो डोममधली ओकाडा आणि केनी ओमेगाची मॅच, पाऊण तासाच्या वर चाललेली, तिला डेव्ह मेल्टझर नावाच्या समीक्षकाने पाचपैकी सहा स्टार दिले. पाचपैकी सहा! मामा म्हणाले खेळाचे वाढीव मार्क असतील.

रात्री जेवणं झाल्यावर मी फोन टीव्हीला जोडला आणि मामांना बसवलं. म्हटलं एकच बघा. २३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. नियम असा की समोरच्याने हार कबूल केली तरच मॅच संपणार. ब्रेट हा सज्जन, ऑस्टिन हा टकला खलनायक, म्हणजे सुरुवातीला तरी. मामा आधी मोबाईलवर काहीतरी बघत होते. पाचेक मिनिटांनी मोबाईल खाली ठेवला. गर्दीत घुसून मारामारी झाली तेव्हा म्हणाले "हे कसलं, ही तर फ्रीस्टाईल," (पेपरात अजून छापतात बघा, नगरसेवकांची फ्रीस्टाईल, तो शब्द आपल्याकडे ह्याच धंद्यातून आला, माझ्या आजोबांनी मुंबईत दारासिंग आणि किंगकाँगची बघितली होती आणि ती शंभर टक्के खरी होती असं ते शेवटपर्यंत सांगायचे). मग ऑस्टिनचं कपाळ फुटलं. ब्रेटने त्याचे पाय अडकवून पेच टाकला, शार्पशूटर, ऑस्टिनच्या तोंडावरून रक्ताचा ओघळ दातांपर्यंत, तो किंचाळतोय, जोर लावून एकदा जवळजवळ सुटतो, परत अडकतो, पण हार म्हणत नाही. बेशुद्ध पडतो. निकाल ब्रेटच्या बाजूने. आणि ब्रेट जिंकल्यावर पण त्या बेशुद्ध माणसाला मारायला जातो, लोक त्याला हूट करतात, आणि ऑस्टिन कोणाचा आधार न घेता लंगडत आत जातो तेव्हा त्याच्या नावाचा गजर. वीसेक मिनिटांत चांगला वाईट झाला, वाईट चांगला झाला, आणि कोणी भाषण केलं नाही. दुतोंड्या मारुती म्हणतात तो हाच, एकाच कुस्तीत दोन्ही तोंडं.

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तो टकला. याला पडता येतं."

मी म्हटलं, मामा, तीस वर्षं मी तुम्हाला हेच सांगायचा प्रयत्न करतोय. तिकडे रेसलिंगच्या शाळेत पहिलं शिकवतात ते पडायचं कसं. मारणारा कोणीही असतो. मार खाणारा जो आहे, तो ज्या पद्धतीने कमरेला हात लावतो, दहा मिनिटांपूर्वी पायाला लागलं होतं हे विसरत नाही, लंगडतच धावतो, त्याच्यामुळे समोरचा डाव डाव वाटतो. म्हणून तर १९९८ ची अंडरटेकर आणि मॅनकाईंडची ती पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकलेली मॅच, सगळे जिला महान म्हणतात, मला ती मॅच म्हणून पटतच नाही, ती दुर्घटना आहे, माणूस खरंच मोडला त्यात, आणि खरं मोडलं की बघणाऱ्याला काळजी वाटते, मजा नाही. उलट २००२ ला टोरंटोत रॉक आणि हल्क होगन, होगन खलनायक म्हणून आला आणि पब्लिकने पहिल्या मिनिटापासून त्यालाच डोक्यावर घेतला, तर दोघांनी रिंगमध्येच मॅच फिरवली. डाव साधेच. कान तेवढे उघडे होते दोघांचे. संध्याकाळचा तो हलगीवाला तसाच होता, आधी थांबला आणि मग वाजला.

"आम्हाला वस्तादांनी एकच शिकवलं, पडायचं नाही," मामा म्हणाले. "पाठ लागली की घरी जेवायला नाही." मग थोडं थांबून, "पण सदगीरचं बघ." २०२० ला नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने बालेवाडीत महाराष्ट्र केसरी जिंकली, समोर लातूरचा शैलेश शेळके, दोघंही काका पवारांचेच चेले, आणि जिंकल्यावर याने हरलेल्यालाच खांद्यावर उचलून घेतला होता. मामांना कुस्तीतला डाव आठवत नव्हता, ते उचलणं आठवत होतं.

मग भाच्याला चेव आला. मामांच्या छातीवर हाताची चापट मारायची आणि त्यांनी पडायचं असं ठरलं. चौऱ्याहत्तरीचा माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मी नको नको म्हणतोय. पहिल्यांदा ते पडलेच नाहीत, सवयच नाही. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा पोराने हात उगारला तेव्हाच मामांचा चेहरा बदलला, चापट बसली, त्यांनी छाती धरली, डोळे फिरवले, दोन पावलं मागे, पलंगाची कड धरायचा प्रयत्न, हात सुटला, आणि गादीवर असे काही आडवे झाले की मला पण क्षणभर...

मामी स्वयंपाकघरातून धावत आली, हातात तसाच ओला तांब्या, "अहो! अहो काय झालं!"

मामा एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मला सकाळी निघायचं होतं. मामीने मला डब्यात थालीपीठ दिलं, भाच्याला दिलं. मामांनी ताट मागितलं तर म्हणाली, "तुम्ही काल वारलात ना?"