पाँग येईपर्यंत

एकाच मशीनवर एरलँग या प्रोग्रॅमिंग भाषेचे दोन नोड, म्हणजे तिचे चालू असलेले दोन प्रोग्रॅम, एकमेकांशी जोडायचे होते. मध्ये ना राउटर, ना केबल, त्यामुळे पाच मिनिटांचं काम धरलं होतं. एका नोडवरून दुसऱ्याला हाक मारणारं नेट_एडीएम:पिंग चालवलं आणि उत्तर आलं, पँग. जोडणी झाली की पाँग, नाही झाली की पँग. का नाही झाली, याबद्दल चकार शब्द नाही.

पहिला संशय ईपीएमडीवर. कुठला नोड कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद ठेवणारा हा छोटा प्रोग्रॅम ४३६९ पोर्टवर बसलेला असतो. 'ईपीएमडी -नेम्स' केलं, तर दोन्ही नावं पोर्टसकट हजर! म्हणजे हा बिचारा निर्दोष.

मग नावं पाहिली. एक नोड -एसनेमने (छोटं नाव) सुरू केला होता, दुसरा -नेम (लांब नाव) देऊन १२७.०.०.१ वर. छोट्या नावाचे नोड लांब नावाच्यांशी बोलत नाहीत, मशीन एकच असलं तरी. इथे निदान कन्सोलने तसं सांगितलं होतं. मीच वाचलं नव्हतं. दोन्ही -एसनेमने उठवले. पुन्हा पँग.

यानंतरचा तासभर मी मशीनच्या नावांचे पत्ते ठेवणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये घालवला. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

शेवटी सहज दुसऱ्या टर्मिनलकडे नजर गेली. तिथे माझ्या प्रत्येक पिंगमागे एक ओळ साचली होती: कनेक्शन अटेम्प्ट रिजेक्टेड, इनव्हॅलिड चॅलेंज रिप्लाय. कुकी, म्हणजे नोडांचा आपसातला परवलीचा शब्द, जुळत नव्हती! दार ठोठावणाऱ्याला फक्त पँग मिळतं, कारण मात्र दार न उघडणाऱ्याच्या कन्सोलवर छापलं जातं. मी इतका वेळ ठोठावणाऱ्याकडेच बघत बसलो होतो.

दोन्हीकडे एरलँग:गेट_कुकी चालवलं, तर कॅपिटल अक्षरांच्या दोन वेगळ्याच माळा. दुसरा नोड ८० पोर्ट हवा म्हणून मी सुडोने, म्हणजे रूट या मुख्य युजरच्या अधिकाराने, चालवला होता. त्यामुळे त्याने रूटच्या होम डिरेक्टरीत स्वतःची नवी कुकी फाइल बनवून घेतली होती.

रूटकडची फाइल उडवून एडिटरने नवी केली, माझी कुकी चिकटवली. आता तर नोड सुरूच होईना: फाइल फक्त मालकालाच वाचता आली पाहिजे, अशी त्याची अट. सीएचमॉड ४०० केलं, नोड उठला, पिंग केलं.

पाँग.

दुसऱ्या दिवशी ८० चा हट्ट सोडून ८०८० घेतला आणि सुडो काढून टाकलं.