पोटात नको, बाय!

काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात कुत्रा चावलेले पेशंट येतातच. त्या दिवशी एका काकींनी काकांना अक्षरशः ओढत आणलं. पोटरीवर दातांच्या दोन खोल जखमा, वर हळद-तिखट थापलेलं. चावून दोन दिवस झाले होते आणि घरी सांगितलं होतं, कुंपणाची तार लागली.

"बाय, पोटातली ती चौदा इंजेक्शनं मला सोसायची नाहीत."

त्यांच्या थोरल्या भावाने ती घेतली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली रेबीजची ती जुनी लस एका वेळी इतकी टोचावी लागे की पोटाच्या सैल कातडीखालीच मावायची. आपल्याकडे ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. लस गेली, धास्ती मात्र वाड्यावाड्यांवर अजून आहे, आणि तिच्यापायी माणसं चावा लपवतात याचं मला फार वाईट वाटतं.

जखम साबणाने पंधरा मिनिटं नळाखाली धुतली. तोवर काका म्हणाले, "मग तापाला देतात तसं कमरेत द्या."

तेही चालत नाही. तिथे चरबी जाड. सुई स्नायूपर्यंत पोचत नाही, लस चरबीत अडकते आणि शरीराला तिची नीट खबरच लागत नाही. शिवाय पायाचा मोठा मज्जातंतू तिथूनच जातो. दंडाच्या कातडीत मात्र बाहेरचं काही आलं की ओळखणाऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणून तिथे ०.१ मिली एवढीशी लसही पुरते. दोन्ही दंडांवर मसुराएवढी फुगी आली. काका बघतच राहिले. "झालं?"

बाकावरच्या एका बाळंतिणीने विचारलं, "मग माझ्या बाळाला मांडीत का?" तान्ह्याच्या दंडात स्नायू तो किती! मांडीच्या बाहेरच्या बाजूला तो भरलेला असतो. पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, डाव्या मांडीत; पीसीव्ही, म्हणजे न्यूमोनियाची लस, उजव्या. सूज आली तर कुठल्या लसीची, तेही कळतं.

काकांचं खरं अवघड काम पुढेच होतं. लसीमुळे शरीरात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. विषाणू तोवर मज्जातंतूत शिरला तर काही हाती उरत नाही. म्हणून तयार प्रतिपिंडांचं सीरम वजनाच्या हिशोबाने जखमेतच आणि तिच्या कडेने भरावं लागतं. जिथे विषाणू, तिथेच औषध. डॉक्टर पोटरीत सुई फिरवत होते, मी पाय धरला होता आणि काकी काकांचं डोकं पोटाशी घेऊन उभ्या होत्या. काकांनी हूं की चूं केलं नाही.

गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस दिली जातेय, रेबीज खूपच आटोक्यात आहे. तरी चावलेल्या माणसाच्या बाबतीत आम्ही धोका पत्करत नाही. डोस चार: पहिल्या दिवशी, मग तिथून पुढच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

सातव्या दिवसाच्या डोसला काका शेजारच्या मुलाला घेऊन आले. त्यालाही महिन्याभरापूर्वी कुत्रा चावला होता; पोटातल्या सुईच्या भीतीने त्याने घरी काही सांगितलं नव्हतं. त्याचा पहिला डोस तेव्हाच दिला.