साबण, चावी आणि मी लपवलेला एक शब्द

खरं सांगायचं तर मी तिच्याशी बोलायला गेले ती कामासाठी, मैत्रीबित्री डोक्यातही नव्हती. डिचोलीला आमच्या घरी जमिनीचे जुने कागद आहेत, 1961 च्या आधीचे, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं तेव्हाचे, सगळे पोर्तुगीजमधे आणि हाताने लिहिलेले, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. आणि ताळगाव पठारावर आमच्या हॉस्टेलमधे वरच्या मजल्यावर आफ्रिकेतल्या मोझांबिकची एक मुलगी राहायला आलेली, जिची सगळी शाळा पोर्तुगीजमधून झालेली. तिचं नाव लिहीत नाही, तिला विचारलं तर म्हणाली गोष्ट लिही, नाव नको.

तर मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेले. तासभर बसली ती, शाई फाकलेली तिथे झूम करकरून वाचत होती, आणि माझ्या पणजोबांचं नाव तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. निघताना मी सवयीने म्हणून गेले, ये की एकदा घरी. तिने लगेच विचारलं, कधी? आता आपण असं म्हणतो तेव्हा तारीख कुठे ठरलेली असते, मी गडबडले, बघू म्हणाले, आणि तिचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला. शिवाय जाताना येते म्हणून गेले, तर ती बराच वेळ दार उघडं ठेवून बसलेली, हे मला नंतर कळलं. येते म्हणजे जाते हे तिला कोण सांगणार.

मग ठरवलं, दर बुधवारी मेस झाल्यावर अर्धा तास बसायचं. तिला बसमधे, बाजारात लागणारं बोलणं शिकायचं होतं आणि मला ते कागद स्वतः वाचण्याएवढं पोर्तुगीज. पहिले तीनचार बुधवार अगदी कोरडे गेले. मी प्रश्न विचारायचे, घरी कोण कोण, सण कुठले, थंडी पडते का, ती एका वाक्यात उत्तर द्यायची आणि संपलं, म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखंच. त्यात एकदा मी न विचारता तिच्या वेण्यांना हात लावला. पुढच्या बुधवारी तिने शांतपणे सांगितलं की मला ते आवडलं नाही, इथे आल्यापासून सगळेच हात लावतात. मी माफी मागितली. तिने ते मनात न ठेवता सांगितलं याचं मला आजही बरं वाटतं.

गाडी रुळावर आली ती साबणामुळे. ती कपडे धुवून बादली घेऊन आली, मी म्हटलं साबण राहिला बघ बाहेर, ती थबकलीच. साबांव? मी म्हटलं साबण. मग जे सुरू झालं! चावी म्हणजे तिची शाव्ह, कोबी म्हणजे कोव्ह, अननस तर जवळजवळ तसाच, लिलाव, मेस्त्री, बटाटा, घमेलं. काजू तिच्याकडे पण काजूच, नुसता ज जरा मऊ. ती मोझांबिकमधल्या नांपुलाची, तिकडे काजूची झाडं भरपूर, आणि ते झाड तिच्याकडे काय नि आपल्याकडे काय, पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेलं. आम्ही वहीत दोन रकाने पाडले आणि शब्द लिहीत गेलो, अर्ध्या तासाचे दोन तास कधी झाले कळलंच नाही. तिची घरची भाषा माकुआ, शाळेची पोर्तुगीज, आता कॉलेजची इंग्लिश. माझं घरात मराठी कोंकणी मिसळून, शाळा मराठी, पुढे इंग्लिश. तिने विचारलं, तू आईशी भांडतेस कुठल्या भाषेत? एवढ्या बुधवारांत मी तिला असा एकही प्रश्न विचारला नव्हता.

कुणाला असं कुणाशी बोलायला सुरुवात करायची असेल तर माझं एवढंच म्हणणं, देशाबद्दल विचारू नका, समोर जी वस्तू आहे तिच्याबद्दल विचारा, आणि आधी आपलं सांगा. संकष्टीला मी मेसमधे साबुदाण्याची खिचडी खात होते, तिने विचारलं उपास आहे तर खातेस कशी, ते समजावताना साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा करतात ते निघालं आणि ती ओरडलीच, मंदियोका! त्या कंदावर तर तिचं घर चालतं. त्याच झाडाच्या पानांची भाजी ते दाण्याचं कूट आणि नारळाचं दूध घालून करतात, मटापा म्हणतात. कूट आणि नारळ ऐकून मला ती आपल्यातलीच वाटायला लागली.

आणि मग ती बस. पठारावरून पणजीला जात होतो, गर्दी होती, मी पुढे उभी, ती मागे खिडकीजवळ बसलेली. तिच्या बाजूची सीट रिकामी, माणसं दांड्याला लटकून उभी पण तिथे कुणी बसेना. मागून एक बाई दुसरीला काहीतरी बोलली, त्यात खापरी हा शब्द होता. उतरल्यावर तिने विचारलं, खापरी म्हणजे काय? मी म्हटलं काही नाही गं, असंच.

दोन बुधवार गेले. वहीत शब्द लिहायचो पण माझं लक्ष लागेना. जिच्याशी मी शब्दांचाच व्यवहार करते तिला मी एक शब्द खोटा दिला होता. शेवटी तिसऱ्या बुधवारी सांगून टाकलं की खापरी हा शब्द तुम्हा आफ्रिकन लोकांसाठी वापरतात आणि चांगल्या अर्थाने नाही. ती काही बोलली नाही, वही ओढली आणि तिच्या रकान्यात लिहिलं, काफ्र, म्हणजे त्याच शब्दाचं पोर्तुगीज रूप. म्हणाली मला तेव्हाच अंदाज आलेला, तू सांगतेस का ते बघत होते. साबण ज्या जहाजातून आला त्यातूनच हाही आला. आपण हॉटेलच्या मेनूवर रोज कॅफ्रियल, म्हणजे ती हिरव्या मसाल्याची कोंबडी, वाचतो, त्यातही तोच शब्द बसलाय, हे माझ्या आधी कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्री ती बरंच बोलली, इथे रूम शोधताना फोनवर हो म्हणणारे प्रत्यक्ष बघितल्यावर कसे नाही म्हणाले ते सगळं. मी फक्त ऐकत होते.

चतुर्थीला तिला घरी नेलं, यावेळी तारीख सांगून. परदेशी पाहुणा घरी राहिला तर 24 तासांत ऑनलाईन माहिती भरावी लागते, ती मी भरली. बाबा सुरुवातीला जरा गप्पच होते. पण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट, बांधताना ती एकेका फळाचं नाव विचारायला लागली, आणि मला कवंडळ नि आंबाडे सोडले तर येतात कुठे, सगळी नावं बाबांनीच सांगितली, तिने वहीत लिहून घेतली, आणि बाबांची कळी खुलली.

सकाळी बाबा देवासमोर सहाणेवर चंदन उगाळत बसलेले. ती दारातच उकिडवी बसली आणि बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, माझी आजी असंच करते. तिकडे मुसिरो नावाचं लाकूड असतं, ते दगडावर पाणी घालून उगाळायचं आणि तो पांढरा लेप बायका तोंडाला लावतात. हाताने करून दाखवलं तिने, तोच गोल, मधे दोन बोटांनी थेंब थेंब पाणी सोडायचं तेही तसंच. बाबांनी हातातलं चंदन थांबवून तिला आणखी एकदा करून दाखवायला लावलं.

तिच्या गावचं कुणीतरी जानेवारीत येणार आहे, ते मुसिरोचं खोड आणणार. देवाची सहाण काही त्याला चालायची नाही. म्हणून गेल्या शुक्रवारी बाबा म्हापशाच्या बाजारातून एक वेगळी सहाण घेऊन आले, लहानशी, आणि मला म्हणाले, बुधवारी जाताना ही तिला दे.