तुम्ही विचारलंत म्हणून: रोज तेच झाड काय बघायचं?

"रोज सकाळी गॅलरीत उभं राहून बघता तरी काय? तेच तर झाड आहे!" हे मला शेजारीपाजारी विचारतात, पाहुणे विचारतात, घरातलेही विचारतात. विचारण्यात थोडी थट्टा असते, थोडी काळजीही. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

तेच झाड आहे म्हणूनच बघते. सहलीत दिसलेलं झाड कितीही देखणं असलं, तरी ते कालच्यापेक्षा आज वेगळं आहे का, हे मला कुठून कळणार?

सुरुवात झाडापासून झालीच नव्हती, सूर्यापासून झाली. समोरच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत. मार्चमध्ये एकदा सूर्य डावीकडच्या टाकीला अगदी चिकटून उगवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर तो टाकीमागे अर्ध्याहून जास्त गेलेला. वाटलं, मीच वेगळ्या जागी उभी असेन. मग फरशीवर खडूची खूण केली. खूण बरोबर होती, सूर्यच सरकत होता. 21 मार्चच्या आसपास उगवतीची जागा रोज जवळजवळ सूर्यबिंबाच्या रुंदीएवढी उत्तरेकडे जाते. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो आठवडाभर एकाच ठिकाणी रेंगाळतो. शाळेत उत्तरायण पाठ केलं होतं, पण ते सुरुवातीला इतकं आळशी असतं हे टाक्यांनी शिकवलं.

त्याच हिवाळ्यात वहीत वेळा लिहायला लागले आणि आणखी गोंधळले. 22 डिसेंबर सर्वात लहान दिवस, म्हणजे त्यानंतर सूर्य लवकर उगवायला हवा ना? पण जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उशिराच उगवत राहिला. दिवस वाढत होता तो सगळा संध्याकाळच्या बाजूने. पृथ्वीचा आस कललेला आणि तिची कक्षा लंबगोल, त्यामुळे या दिवसांत माध्यान्हच घड्याळात रोज जवळपास अर्ध्या मिनिटाने उशिरा होत असते, आणि उगवणं-मावळणंही तिच्याबरोबर उशिराकडे सरकतं. हे मी नंतर वाचलं. आधी मला माझं घड्याळच बिघडल्यासारखं वाटलं होतं.

कोकिळेचंही तसंच. कवितांनी तिला फुकटचं श्रेय दिलंय. 'कुहू' घालतो तो काळा नर. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी 'किक्-किक्-किक्' असं घाईघाईत ओरडते. आणि हा आवाज वाढू लागला की मी कावळ्यांकडे बघते. चोचीत काड्या, क्वचित तारेचा तुकडाही. घरटं बांधणारे हे आणि अंडं ठेवून जाणार ती, दोघंही एकाच फांदीवर!

पण मला सर्वात जास्त आवडते ती एक मधमाशी, आणि तिच्यावर मी अन्याय केलाय. पावसाळा संपता संपता गुलाबाच्या पानांना कडेला भोकं पडायला लागली. वेडीवाकडी नाहीत, नाण्याने आखून कापल्यासारखी गोल. 'अळी असणार' म्हणून दोन आठवडे कडुनिंबाचं पाणी फवारलं. अळी काही सापडली नाही. मग एका दुपारी स्टूल घेऊन कुंडीजवळच बसले.

ती आली, पानाच्या कडेला पाय रोवून बसली आणि स्वतःभोवती कंपासासारखी फिरत कापत गेली. दहा-पंधरा सेकंदांत काम फत्ते. शेवटचा धागा तुटताच पान तिच्यासकट खाली पडणार असं वाटलं, पण तिचे पंख आधीच सुरू झाले होते. तुकडा पोटाखाली धरून ती उडाली ती थेट रेलिंगच्या पोकळ नळीत. ही पानं कापणारी मधमाशी, इंग्रजीत 'लीफकटर बी'. ती पान खात नाहीच. लांबट तुकड्यांची एक सुरनळी करायची, तिच्यात पराग आणि मध भरायचा, त्यावर एकच अंडं घालायचं आणि वरून गोल तुकड्याचं झाकण लावायचं. मग त्याच्यापुढे दुसरी खोली. पोळं नाही, राणी नाही, मदतनीस नाहीत. सगळं एकटीनं. आणि पराग आणते तोही पायांवर नाही, पोटाखालच्या केसांत, त्यामुळे परत येताना तिचं पोट पिवळंधमक असतं.

फवारणी त्याच दिवशी थांबवली. गुलाबाचं काय? त्याला यंदाही फुलं आली, पानं तेवढी कातरलेली. बघणाऱ्याला वाटतं मी झाडाची निगा राखत नाही. वाटू दे.

नळीच्या तोंडाशी शेवटचं झाकण लागलं त्याला आता बरेच दिवस झाले. तेव्हाचा हिरवा तुकडा तपकिरी पडलाय, कडा थोड्या वळल्यात. रेलिंग रंगवायला माणूस आला होता, त्याला तेवढा गज सोडायला सांगितला. त्यानेही तोच प्रश्न विचारला, "काय आहे तिथे?" आज सकाळी पुन्हा वाकून पाहिलं. झाकण अजून जागच्या जागी आहे.