तुम्ही विचारलंत म्हणून: इजेक्ट केलंच पाहिजे का?

‘मी पेन ड्राइव्ह नेहमी तसाच ओढून काढतो. आजवर काही झालं नाही. मग ते इजेक्ट खरंच करावं लागतं का?’ हे मला सतत विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘नाही हो, चालतंय’ एवढंच ऐकायचं असतं. माझं उत्तर असं आहे: ड्राइव्हवरून नुसतं काही वाचलं असेल, तर मी आग्रह धरणार नाही. त्यावर काही लिहिलं असेल, तर इजेक्ट करूनच काढा. आणि आत फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर दरवेळी करा.

अनेकांना वाटतं, भीती शॉकची किंवा पोर्ट जळण्याची आहे. तशी ती नाही. चालू कॉम्प्युटरला लावता-काढता यावं अशीच यूएसबीची रचना आहे. नेहमीच्या चौकोनी प्लगच्या आत बघा: चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन थोड्या लांब असतात. त्या विजेच्या. त्यामुळे लावताना वीज आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी तुटते. धोका आहे तो अर्धवट राहिलेल्या लिखाणाचा.

कॉपी करताना फाइल थेट ड्राइव्हवर जातेच असं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ती आधी रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत, घेते आणि सवडीने ड्राइव्हवर उतरवते, म्हणजे तुमचं काम अडत नाही. कॉपीची खिडकी बंद झाली, याचा अर्थ कधी कधी एवढाच, की डेटा रॅमपर्यंत पोचला. पत्र पेटीत पडलं, अजून घरी पोचलेलं नाही. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये असा डेटा ३० सेकंदांपर्यंत थांबू शकतो. ड्राइव्ह संथ असेल तर तो पूर्ण उतरायला त्याहून जास्त वेळ जातो. इजेक्ट म्हणजे सिस्टीमला सांगणं, की राहिलेलं सगळं आत्ता लिही, ड्राइव्ह मोकळा कर आणि मला तसं कळव.

इथे जाणकार मंडळी म्हणतात, ‘विंडोजवर आता याची गरज नाही.’ यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हेच मूळ सेटिंग आहे, म्हणजे त्या ड्राइव्हसाठी लिखाण रॅममध्ये साठवून ठेवलं जात नाही. तुमचं काय आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हच्या ‘पॉलिसीज’ टॅबवर दिसेल. पण मागे एखादा प्रोग्रॅम अजून लिहीत असेल, तर हे सेटिंग त्याला वाचवत नाही. आणि तोच ड्राइव्ह तुम्ही उद्या मॅकला किंवा लिनक्सला लावाल, तिथे ही सवलत गृहीत धरू नका.

मधेच ओढल्यावर नेमकं काय बिघडतं, हे फॅट३२ मध्ये, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या एका जुन्या पद्धतीत, छान कळतं. तिथे एक नवी फाइल तीन ठिकाणी लिहावी लागते: मजकूर मोकळ्या जागेत, त्या जागांची साखळी एका तक्त्यात, आणि नाव व आकार फोल्डरच्या यादीत. यातलं एक राहिलं की घोळ. नाव दिसतं पण आकार शून्य. किंवा जागा अडलेली दिसते पण ती कुणाची ते कळत नाही. मग दुरुस्तीनंतर ड्राइव्हवर ‘फाउंड’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘सीएचके’ शेपटीच्या निनावी फाइली मिळतात. सर्वांत वाईट म्हणजे तक्ताच अर्धवट लिहिला जाणं. त्यात ज्यांना तुम्ही हातही लावला नव्हता, अशा जुन्या फाइली जातात. फॅट३२ सहसा तक्त्याच्या दोन प्रती ठेवतं, त्यानंतर आलेली एक्सफॅट ही पद्धत एकच. कॅमेऱ्यातली ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं सहसा एक्सफॅटचीच असतात, म्हणून कार्ड रीडरमधून कार्ड काढताना तर मी फार जपतो. एनटीएफएस, एपीएफएस, ईएक्सटी४ या जास्त सावध पद्धती आहेत. त्या ड्राइव्हची घडी बहुधा सांभाळतात. पण रॅममध्येच राहिलेला तुमचा मजकूर त्या कुठून आणणार?

हार्ड डिस्कची गोष्ट निराळी. आतल्या तबकड्या बहुतेक पोर्टेबल डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेत असतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. नीट इजेक्ट केलं की ते शांतपणे बाजूच्या उतारावर जाऊन बसतं. वीज अचानक गेली, तर फिरत्या तबकड्यांच्याच वेगातून वीज मिळवून डिस्क त्याला झटक्याने मागे खेचते. एकदोनदा झाल्याने डिस्क मरत नाही, पण तो प्रसंग ती मोजून ठेवते; अनेक डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवतात, त्यांत १९२ क्रमांकाला हा आकडा मिळेल. इजेक्ट झाल्यावरही काही सेकंद थांबा. हात ठेवला तर थरथर थांबल्याचं कळतं. लिनक्सवर नुसतं ‘अनमाउंट’ केल्याने, म्हणजे ड्राइव्ह सिस्टीमपासून सोडवल्याने, तबकड्या थांबतीलच असं नाही, ‘सेफली रिमूव्ह’ असेल तर तेच निवडा. फिरती डिस्क उचलून बॅगेत टाकणं हे मला बघवत नाही.

आता त्या संदेशाकडे येऊ, ज्यापाशी सगळ्यांचा धीर सुटतो: ‘हा ड्राइव्ह वापरात आहे.’ तो संदेश खरं बोलत असतो. ड्राइव्हवरूनच उघडलेली वर्डची फाइल, पॉज करून ठेवलेला व्हिडिओ, त्याच फोल्डरमध्ये उभी असलेली कमांडची खिडकी, तपासणी करणारा अँटिव्हायरस, मॅकवर यादी बनवत बसलेलं स्पॉटलाइट, यांपैकी कुणीतरी असतं. सापडत नसेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टीम’ या नोंदींत ‘कर्नल-पीएनपी’ची २२५ क्रमांकाची नोंद शोधा, अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव तिथे लिहिलेलं असतं. मॅक आणि लिनक्सवर ‘एलएसओएफ’ हा कमांड हेच सांगतो. एवढं करूनही जमलं नाही, तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करा आणि मग काढा. स्लीप त्यासाठी चालत नाही, कारण झोपलेल्या कॉम्प्युटरच्या लेखी ड्राइव्ह अजून जोडलेलाच असतो.

आणि ओढून झालंच असेल, आता ड्राइव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करायचा का?’ असं विचारलं जात असेल, तर कृपा करून ‘हो’ म्हणू नका. दुसरी केबल, दुसरा पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर लावून बघा. ड्राइव्ह उघडला तर आधी सगळं दुसरीकडे कॉपी करा, दुरुस्ती नंतर. विंडोजवर चेकडिस्क, मॅकवर डिस्क युटिलिटीतलं फर्स्ट एड. ही साधनं ड्राइव्हची घडी बसवतात, त्या नादात तुमची फाइल गेली तरी त्यांना फरक पडत नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नका. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. केबल काढा, परत लावून बघण्याचा मोह आवरा, आणि आतला डेटा तुम्हाला हवाच असेल तर डिस्क आहे तशी डेटा रिकव्हरी करणाऱ्याच्या हाती द्या.