चहाचे बिल्ले: सगळं लक्ष भोकाकडे

चहाचे बिल्ले म्हणजे हॉटेल-कॅन्टीनची जुनी धातूची टोकनं, मी ती जमवतो. दिवाळीनंतर तीनच नग आले, त्यातला एक मीच बिघडवला. एकूण आता ४४.

दोन किरकोळ, कॅन्टीनचे ॲल्युमिनियमचे. तिसरा तांबट गल्लीत मोडीच्या ढिगात सापडला. पितळी, २६ मिमी, ५.८ ग्रॅम. पुढे 'चहा १ आणा', मागे ठोकून उमटवलेला ३७, वरच्या बाजूला भोक. मोडवाल्या काकांनी काट्यावर ठेवला, काटा हललाच नाही. "न्या असाच," म्हणाले.

घरी आणून चिंच लावली. करू नका हो! काळपट थर पाच मिनिटांत गेला, पण आंबटाने पितळेतलं जस्त सुटतं आणि गुलाबी डाग उरतात. '१ आणा'च्या शेजारी आता तसा एक कायमचा बसलाय.

आजवर मी धरून चाललो होतो की हे बिल्ले सुट्ट्यांऐवजी गिऱ्हाइकाला देत. डोक्यात लंडन होतं. तिथे १६५२ मध्ये पास्क्वा रोझेने पहिलं कॉफीहाऊस काढलं, त्या काळात राजाची बारीक नाणी पुरत नव्हती, म्हणून दुकानदारच आपले फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचे बिल्ले, पाडत. कॉफीहाऊसवाल्यांच्या टोकनांवर कुठे तुर्काचं डोकं, कुठे कपात कॉफी ओतणारा हात. १६७२ मध्ये सरकारी तांब्याची नाणी आली आणि खासगी टोकनांवर बंदी. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात सुट्ट्यांची चणचण होतीच, भोकाचा पैसा १९४३चाच. त्यामुळे गणित सरळ वाटलं.

नाशिकच्या रविवार कारंजाजवळ एका आजोबांना बिल्ला दाखवला. ते तरुणपणी हॉटेलात पोऱ्या होते. बघताच हसले. "गिऱ्हाइकाच्या हातात कशाला देतील? सकाळी गल्ल्यावरून आम्हाला मोजून मिळायचे. आत बिल्ला टाकला की कप बाहेर. रात्री हिशेब. हरवला तर पगारातून." आणि भोक? "आत खिळ्याला अडकवायचे."

घरी येऊन भिंगाखाली धरला. भोक गोल नाहीच, वरच्या कडेला ओढल्यासारखं लांबट झालंय. लंडनचा तुर्क गल्लोगल्ली फिरला, माझा ३७ नंबर गल्ला ते भटारखाना एवढाच.

मग सगळे ४४ पुन्हा काढले. भोकाचे १९, त्यात लांबट भोकाचे ६. वहीत नवा रकाना आखलाय.

कुणाकडे भोकाचे असतील तर फोटो भोकाचा जवळून काढा. छाप नंतर बघू.