सेबूच्या दक्षिणेची सहल: ओस्लोब वगळा, बादियानला जा, बूट स्वतःचे न्या

फिलिपिन्समधील सेबू शहरात इंग्रजी शिकण्यासाठी काही आठवडे येऊन राहणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांचा एक ठरलेला बेत असतो: पहाटे ओस्लोबला व्हेल शार्क हे महाकाय मासे पाहायचे आणि त्याच दिवशी बादियानच्या घळीत कॅन्यनिंग करायचे, म्हणजे पोहत, घसरत आणि उड्या मारत घळ उतरायची. मी या शहरात वैद्यकीय शिक्षण घेतो. एका जपानी मैत्रिणीच्या भाषाशाळेतील गटाबरोबर मीही या सहलीला गेलो. इथे शिकणारी मराठी मुलेही असेच गट करून जातात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आम्हाला सहल विकणाऱ्या एजंटाने ‘सगळा खर्च यातच’ असे स्पष्ट सांगितले होते. प्रत्यक्षात वाटेत जागोजागी पैसे मोजावे लागले आणि दोन ठिकाणे एका दिवसात बसवताना सगळ्यांचे हाल झाले.

ओस्लोब सेबू शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दक्षिणेला आहे आणि मासे पाहण्याची वेळ दुपारपर्यंतच असल्याने व्हॅन मध्यरात्रीनंतर निघते. म्हणजे झोप नाही. तिथे पोहोचल्यावर नोंदणी, नियमांची माहिती आणि रांग यांत बराच वेळ जातो, आणि पाण्यात मिळतो तो जेमतेम अर्धा तास. परदेशी पर्यटकांना दर जास्त आहे. मच्छीमार होडीतून बारीक कोळंबी टाकत पुढे जातो, मासा तोंड वासून त्या होडीमागे येतो, आणि पर्यटक आपल्या होडीच्या बांबूला धरून ओळीने तरंगत असतात. हे मासे बहुतांशी पूर्ण वाढ न झालेले आहेत आणि रोज मिळणाऱ्या खाद्यामुळे इथे रेंगाळतात. व्हेल शार्क ही धोक्यात आलेली जात असल्याने सागरी अभ्यासकांनी या प्रकारावर सातत्याने टीका केली आहे. माझे मत स्पष्ट आहे: एवढी झोप, एवढे पैसे आणि असला देखावा, यासाठी ओस्लोबला जाऊ नये.

तिथून सांतांदेरच्या टोकाला वळसा घालून सांबोआन, आलेग्रिया असा किनाऱ्याने बादियानला जाणारा रस्ता सुंदर आहे, पण आमच्या गटातील बहुतेकांनी तो झोपेत पाहिला. त्या अवस्थेत घळीत उतरणे हीच खरी चूक, आणि ती सहल आखणाऱ्याची होती.

कॅन्यनिंग मात्र अप्रतिम आहे. चुनखडीच्या उंच भिंतींमधून वाहणारे निळसर हिरवे पाणी, पोहत जायचे डोह, घसरायच्या गुळगुळीत शिळा आणि लहानमोठ्या उड्या. शेवट कावासान धबधब्याशी होतो. ज्याला पोहता येते आणि सिंहगड फार न थांबता चढता येतो, त्याला हे सहज जमेल. उंच उड्या ऐच्छिक आहेत, बहुतेक ठिकाणी बाजूने उतरण्याची वाट असते, त्यामुळे कोणी आग्रह केला तरी नाही म्हणावे.

त्रास उड्यांचा नाही, शेवटच्या टप्प्याचा आहे. डोह संपल्यावर ओल्या, शेवाळलेल्या दगडांवरून बराच वेळ चालावे लागते, आणि तोवर पायांत त्राण उरलेले नसते. भाड्याने दिलेल्या पाणबुटांचे तळवे झिजून गुळगुळीत झालेले होते. माझ्यापुढे चालणारी मैत्रीण एका तिरक्या दगडावर घसरली आणि तिचा गुडघा फुटला. मी माझ्या जुन्या ट्रेकिंगच्या बुटांत होतो म्हणून सावरलो. बूट भाड्याने घेऊच नका. खाचदार तळव्याचे, घट्ट बसणारे आणि भिजले तरी चालतील असे स्वतःचेच बूट न्या. गुडघ्याखालपर्यंत येणारी विजारही असावी.

जपानी मित्रांबरोबर जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. वाटाड्या भरभर इंग्रजीत सूचना देतो आणि ही मुले मान डोलावतात. त्यांच्याकडे मान डोलावणे म्हणजे ‘मी ऐकत आहे’ एवढेच असू शकते. समजले असा त्याचा अर्थ धरू नये. उडीच्या आधी कुठे पाय ठेवायचा, हात कुठे धरायचे आणि कुठे पडायचे, हे प्रत्येकाकडून करून दाखवून घ्यावे. आम्ही दुसऱ्या उडीपासून तसे सुरू केले आणि गोंधळ लगेच थांबला.

पैशांविषयी सांगायचे तर, घळीच्या सुरुवातीपर्यंत नेणाऱ्या हबाल-हबालचे, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलचे पैसे, बूट, लॉकर, धबधब्याजवळचे टेबल, सगळे वेगळे घेतले गेले. टेबलाशी नुसते टेकलो तरी आकार लागतो हे उठताना कळले. निघण्याआधी एजंटाकडून प्रत्येक बाब लेखी घ्यावी, मोटारसायकलवर बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि सुट्टे पेसो जवळ ठेवावेत. वाटाड्यांना बक्षिसी मात्र मोकळ्या हाताने द्यावी. आमच्या वाटाड्याने जखमी मुलीला अर्धी वाट आधार देऊन आणले.

मुक्काम बादियानजवळच्या मोआलबोआल या किनाऱ्यावरच्या गावी केला. तिथे किनाऱ्यालगतच सार्डिन माशांचे थवे दिसतात. तो वेळ निवांत गेला.

तुम्ही जाल तेव्हा ओस्लोब वगळून थेट बादियान गाठा, सकाळी पहिल्या गटांत घळीत उतरा आणि मोआलबोआलला मुक्काम करा. परतीला बारिली आणि कारकार मार्गे येताना रविवारी संध्याकाळी कारकारपासून तालिसायपर्यंत वाहतूक तुंबते. अनेक भाषाशाळांच्या वसतिगृहांत रात्री ठरावीक वेळेनंतर आत घेत नाहीत, त्यामुळे जपानी मित्र सोबत असतील तर दुपारचे जेवण उरकताच निघावे.